रोजचें घड्याळ

“किती वाजले?” हा जगांतील अत्यंत निरुपद्रवी प्रश्नांपैकीं एक प्रश्न होय. तो विचारावयास पूर्वींची ओळख लागत नाहीं, त्याचें उत्तर द्यावयास विद्वत्ता लागत नाहीं, आणि उत्तर मिळाल्यावर कोणी कोणाचा ऋणी रहात नाहीं. असें असतां ह्याच प्रश्नानें एके दिवशीं आम्हांस अशा कांहीं पेचांत टाकलें कीं, त्याचा उलगडा करतां करतां आम्ही नीतिशास्त्राच्या एका जुन्याच, पण अवघड प्रश्नाच्या दारांत येऊन उभे राहिलों. मौल्यवान् वस्तु रोजच्या वापरांत ठेवावी काय, आणि ठेवावयाची तर कोणत्या अटीवर, हा तो प्रश्न.

झालें तें असें. कांहीं वर्षांपूर्वीं नोकरींतून निवृत्त होतांना आमच्या हातीं थोडी रक्कम आली. मुलांचीं शिक्षणें झालीं होतीं, घराचें कर्ज फिटलें होतें, आणि स्वतःसाठीं कांहीं घ्यावें असें मनांत आणण्यास प्रथमच सवड मिळाली होती. एकच, पण खरोखर उत्तम असें मनगटी घड्याळ घ्यावें आणि तें कपाटांत न ठेवतां रोज वापरावें, असें आम्हीं ठरविलें. हा विचार ऐकावयास जितका सोपा, तितकाच अमलांत आणावयास कठीण निघाला. अशा घड्याळाच्या शोधांत असलेला मनुष्य त्यापासून काय काय अपेक्षितो तें पहा. तें पातळ असावें, म्हणजे सदऱ्याच्या बाहीखालीं सहज सरकेल. पण भर पावसांत भिजलें तरी बिघडूं नये, आणि पाण्याला दाद न देणारें घड्याळ बहुधा जाडच असतें. त्यांत तारीख दिसावी, कारण ती रोज लागते. पण तारखेची खिडकी नसावी, कारण तिच्यामुळें तबकडीचा तोल बिघडतो. तें लग्नकार्यांत शोभावें आणि भाजीमंडईंत खुपूं नये. जाणकारानें तें पाहतांच ओळखावें, चोरानें मात्र ओळखूं नये. ह्या अपेक्षा एकेकट्या घेतल्या तर रास्त आहेत. एकत्र आणल्या म्हणजे त्या एकमेकींच्या पायांत पाय घालूं लागतात. दोन वर्षें आम्हीं माहितीपत्रकें चाळलीं, दुकानांच्या पायऱ्या झिजविल्या, आणि ३६ मिलिमीटर व्यासाचें बरें कीं ३९ मिलिमीटरचें, ह्या वादांत घरच्या माणसांचा अंत पाहिला. अखेरीस एके रात्रीं घरांतून विचारणा झाली, “घड्याळ वेळ पाहण्यासाठींच घ्यावयाचें आहे ना? मग त्याच्यापायीं एवढा वेळ कां दवडतां?”

ह्या प्रश्नास प्रामाणिक उत्तर द्यावयाचें म्हटलें कीं, पहिला आडपडदा गळून पडतो. उंची घड्याळ वेळेसाठीं घेतलें जातें, हें खरें नाहीं. १९६९ सालच्या डिसेंबरच्या २५ तारखेस जपानांतील सीको कंपनीनें ‘अ‍ॅस्ट्रॉन’ नांवाचें घड्याळ तोकियोंत विक्रीस आणलें. त्यांत झुलत्या चक्राऐवजीं गारेच्या स्फटिकाचीं कंपनें काळ मोजीत, आणि महिन्याकाठीं फार तर ५ सेकंदांचा फरक पडे. त्याची किंमत ४,५०,००० येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहानशा मोटारीइतकी होती. परंतु थोड्याच वर्षांत तें तत्त्व इतकें स्वस्त झालें कीं, आज पदपथावर मांडलेल्या घड्याळांतहि सेकंदास ३२,७६८ कंपनें पावणारा स्फटिक असतो. उलट, स्वित्झर्लंडांतील अधिकृत कसोटीस उतरून ‘क्रोनोमीटर’ ही पदवी मिळविणाऱ्या किल्लीच्या घड्याळास दिवसांतून ४ सेकंद मागें किंवा ६ सेकंद पुढें जाण्याची मुभा असते. म्हणजे जें घड्याळ शंभर पटींनीं महाग, तेंच वेळेच्या बाबतींत अधिक चुकार! ह्या जपानी शोधाचा तडाखा असा बसला कीं, १९७० च्या सुमारास स्विस घड्याळधंद्यांत सुमारें ९०,००० माणसें कामास होतीं, तीं पुढच्या पंधरा वर्षांत ३०,००० च्या आसपास उरलीं. तो धंदा पुन्हा सांवरला, तो वेळ अधिक अचूक सांगून नव्हे. वेळ सांगणें हें आपलें मुख्य काम आहे हा आग्रह सोडून दिल्यानें सांवरला.

मग अशीं घड्याळें घ्यावयाचीं तीं कशासाठीं? भूषण म्हणून, असें एका शब्दांत सांगून मोकळें होतां आलें असतें. परंतु आपल्यासारख्या मध्यम स्थितींतील सुशिक्षितांस भूषणाची आवड कबूल करणें जड जातें. तिला कांहींतरी पोक्त नांव द्यावें लागतें. जिनीव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीनें १९९६ पासून ह्या अडचणीवर नामी तोडगा काढला आहे. घड्याळ घेणारा त्याचा खरा मालक नव्हेच, तो पुढच्या पिढीसाठीं त्याची केवळ राखण करीत असतो, अशा आशयाची तिची जाहिरात आहे. जाहिरातकलेच्या दृष्टीनें ही कल्पना अजोड खरी. पण तिनें साधलें काय? उपभोगाच्या कपाळीं कर्तव्याचा टिळा लावला! बापानें स्वतःची हौस पुरविली, ती मुलासाठीं केलेला त्याग म्हणून घरांत मिरवूं लागली. हौस ही हौस म्हणून करणारा मनुष्य आम्हांस ह्यापेक्षां अधिक सरळ वाटतो.

दुसरें कारण कारागिरीचें. तें मात्र असें थट्टेवारी नेतां येत नाहीं. स्वित्झर्लंडच्या जूरा पर्वतांत ‘व्हाले द झू’ नांवाचें एक खोरें आहे. तेथील लांबलचक हिवाळ्यांत शेतकऱ्यांनीं घरोघरीं घड्याळाचे भाग घडविण्याची विद्या जोपासली. त्या खोऱ्यांत फिलिप द्युफूर ह्या कारागिरानें २००० सालीं ‘सिम्प्लिसिटी’ नांवाचें घड्याळ पुढें आणलें. त्यांत तास, मिनिटें आणि सेकंद ह्यांखेरीज कांहीं नाहीं. परंतु त्याचा प्रत्येक भाग हातानें घांसून, कडा उतरवून, आरशासारखा उजळलेला असतो. पेटींत बसविल्यावर जी बाजू कोणाच्याच दृष्टीस पडावयाची नाहीं, तिच्याहि वाट्यास तेवढीच मेहनत आलेली असते. कोणी पाहणार नसतां काम चोख करणें हा मोठा सद्गुण आहे, आणि त्याचें मोल देणारा गिऱ्हाईक जगांत असावा, हेंहि योग्यच आहे. परंतु येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. तो सद्गुण कारागिराचा आहे. घड्याळाबरोबर तो विकत मिळत नाहीं. न दिसणारी बाजू उजळणाऱ्या माणसाची वस्तु आपण बहुधा दिसणाऱ्या बाजूसाठींच घेतों.

असो. वस्तु मौल्यवान् असावी आणि ती रोज वापरतां यावी, ह्या दोन इच्छांतच मूळ विरोध आहे. जें मोलाचें तें आपण जपतों. जें रोजचें तें आपण वापरतों. आणि जपणें व वापरणें ह्यांचें फारसें सख्य नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा दागिना समजला जाई. पुरुषाचें घड्याळ सांखळीला बांधलेलें, खिशाच्या उबेंत सुरक्षित असे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत, खंदकांतील सैनिकांचे दोन्ही हात गुंतलेले असतां वेळ पाहण्याची गरज पडली, आणि तें कायमचें मनगटावर आलें. म्हणजे खिशांतून निघून धूळ, घाम, पाणी व धक्के ह्यांच्या तावडींत सांपडलें. तेव्हांपासून ह्या नाजुक जिनसेला रोजच्या राबत्यांत टिकविण्याची खटपट चालू आहे, आणि तिचे तीन नमुने ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत.

१९२६ सालीं रोलेक्स कंपनीनें घड्याळाची पाठ, पुढचें कडें आणि किल्ली हीं तिन्हीं मळसूत्रानें आवळून त्याला शिंपल्यासारखें बंद केलें. १९२७ च्या ऑक्टोबरांत मर्सिडीझ ग्लाइट्झ ही इंग्रज तरुणी तें बरोबर घेऊन इंग्लिश खाडींत उतरली. कडाक्याच्या थंडीमुळें तिला पोहणें अर्धवट सोडावें लागलें. घड्याळ मात्र चालूच होतें, आणि कंपनीनें इंग्लंडांतील एका दैनिकाच्या पहिल्या पानावर त्याचा डंका वाजविला. दुसरा नमुना आपल्या देशाशीं निगडित आहे. हिंदुस्थानांत पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या कांचा खेळांत फुटत. त्यांच्या गाऱ्हाण्यावरून १९३१ सालीं ‘रेव्हर्सो’ हें घड्याळ निघालें. त्याची चौकोनी पेटी चौकटींतल्या चौकटींत उलटी फिरवितां येते. खेळ सुरू झाला कीं तें तोंड मनगटाकडे वळवितें आणि घाव पोलादी पाठीवर घेतें. तिसरा नमुना १९७२ चा. ओदमार पिगे कंपनीसाठीं जेराल्ड जेन्टा ह्या रचनाकारानें ‘रॉयल ओक’ हें अष्टकोनी कड्याचें घड्याळ आंखलें. तें होतें साध्या पोलादाचें, पण त्याची किंमत पुष्कळशा सोन्याच्या घड्याळांहून अधिक होती. धातु रोजचा आणि मोल सणावाराचें, असा हा संकर. आज जो तो ‘रोज वापरावयाचें उंची घड्याळ’ म्हणून जें शोधतो, त्याची कुळी येथून सुरू होते.

सारांश, घड्याळाला पाण्यापासून वांचविण्याची युक्ति सांपडली, धक्क्यापासून वांचविण्याची सांपडली, धातूची नाजुकताहि गेली. मालकाच्या मनाला वांचविण्याची युक्ति मात्र कोणत्याहि कारखान्यांत निघाली नाहीं. हें आम्हांस आपल्याच अनुभवावरून कळलें.

शेवटीं आम्हीं एक पोलादी, हाताच्या हालचालीबरोबर आपोआप किल्ली बसणारें स्विस घड्याळ घेतलें. त्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तें मनाजोगतें होतें, आणि पहिले कांहीं दिवस आम्ही वेळ पाहण्याच्या निमित्तानें पुष्कळदां वेळ न पाहतांच त्याकडे पहात असूं. पुढें आषाढाच्या दिवसांत एके संध्याकाळीं आम्ही बसथांब्यावर उभे होतों. शेजारीं भाजीची रिकामी पाटी घेऊन एक वृद्ध बाई उभी होती. तिनें आमच्या मनगटाकडे पाहिलें आणि विचारलें, “दादा, किती वाजले?” आमचा उजवा हात आपोआप डाव्या हाताकडे गेला, त्यानें बाही खालीं ओढली, आणि मग खिशांतून मोबाइल काढून आम्हीं तिला सांगितलें, “साडेसहा.” बाई “बरं,” म्हणाली आणि रस्त्याकडे पाहूं लागली. तिच्या ध्यानांत कांहीं आलेंहि नसेल. आमच्या मात्र तें ध्यानांतून जाईना. वेळ पाहण्याचें यंत्र हातावर असतां दुसऱ्या यंत्रांतून वेळ सांगण्याची पाळी आम्हांवर कां यावी?

आम्हीं आपल्या मनास पुष्कळ पळवाटा सुचवून पाहिल्या. पहिली पळवाट चोराची. परंतु ती बाई चोर नव्हती, आणि भोंवतालच्या गर्दींत कोणास त्या घड्याळाची पारख असेल असेंहि वाटत नव्हतें. दुसरी पळवाट नाजुक भावनेची. आपल्या सुबत्तेचें प्रदर्शन करून गरिबाचें मन दुखवूं नये, म्हणून आपण बाही ओढली! हें समर्थन दिसण्यांत फार सोज्वळ आहे. पण ती भावना खरी असती, तर ती लग्नमंडपांत स्नेह्यांसमोर बाही वर सारतांना कोठें गेली होती? जिला त्या घड्याळाची किंमत कळणार नाहीं तिच्यापासून तें लपवावें, आणि ज्यांना ती नेमकी कळेल त्यांस तें दाखवावें, हा सौजन्याचा प्रकार खचित नव्हे. तेव्हां उरलें एकच कारण. त्या बाईनें वेळ विचारली, आणि आमच्या मनानें ऐकली किंमत. तिचा प्रश्न निराळा होता; आम्ही निराळ्याच प्रश्नाचें उत्तर टाळीत होतों. दोन वर्षांच्या शोधांत जो हिशेब आम्हीं स्वतःशीं कधीं मांडला नव्हता, तो तिच्या एका साध्या वाक्यानें पुढें आला, आणि तो उघड्यावर वाचण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

त्या दिवसापासून आम्ही असा विचार करूं लागलों कीं, घड्याळ ही इतर दागिन्यांसारखी निव्वळ खासगी वस्तु आहे काय? आपल्याकडे पूर्वीं काळ मोजीत तो घटिकापात्रानें. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. अहोरात्राच्या अशा ६० घटका. लग्नघरीं ती वाटी एकाच्या देखरेखीखालीं असे. पण ती भरली म्हणजे मुहूर्त साऱ्या मांडवाचा होई. ती माझी घटका, ही तुमची, असा भेद कोणी केला नाहीं. मुंबईस १८७८ सालीं राजाबाई टॉवर पुरा झाला, तो प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगींतून, आणि त्यास नांव मिळालें तें त्यांच्या मातोश्रींचें. सूर्यास्तापूर्वीं जेवण्याचा नेम पाळणाऱ्या त्या अंध माउलीस टोल्यांवरून वेळ कळावी, असा देणाऱ्याचा हेतु होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तो टोला एका आईसाठीं वाजला तरी ऐकू आला साऱ्या शहराला.

मनगटी घड्याळांतहि हा जुना धर्म पुष्कळ दिवस टिकून होता. ज्याच्या हातीं घड्याळ आहे त्यानें विचारणाऱ्यास वेळ सांगावी, हा अलिखित करार होता. १९६१ सालीं बंगळूरास जपानी सिटिझन कंपनीच्या साह्यानें सरकारी ‘एच्. एम्. टी.’चीं घड्याळें निघूं लागलीं, आणि त्यांपैकीं एकाचें नांवच ‘जनता’ होतें. मुलगा नोकरीस लागला, जांवई बोहल्यावर चढला, म्हणजे असें एखादें घड्याळ घरांत येई. सकाळीं देवपूजेइतक्याच नेमानें त्यास किल्ली दिली जाई, आणि आगगाडीच्या डब्यांत तें साऱ्या बाकाचें घड्याळ होई. त्या घड्याळकंपनीस टाळें ठोकण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असल्यामुळें वेळ विचारणारेहि विरळ झाले आहेत. तरी ज्यास अक्षरांची ओळख बेताची, किंवा ज्याच्या यंत्रांतील वीज संपलेली, असा एखादा अजून भेटतोच. आणि नेमक्या त्याच्यापुढें आपल्या बाहीची परीक्षा होते.

ह्या संदर्भांत दोन प्रसिद्ध घड्याळांच्या हकीगती शेजारीं शेजारीं ठेवण्यासारख्या आहेत. पहिलें खिशांतलें. १७८३ सालीं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं अब्राहम-लुई ब्रेगे ह्या थोर कारागिराकडे एक घड्याळ सांगण्यांत आलें. त्या काळीं ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्यांत असावी, जेथें जेथें शक्य तेथें दुसऱ्या धातूऐवजीं सोनें वापरावें, आणि काळाची किंवा पैशाची मर्यादा नसावी, अशी अट होती. परिपूर्ण घड्याळाची कल्पना ह्याहून पुढें जाणें कठीण. राणीचा शिरच्छेद १७९३ सालीं झाला. ब्रेगे १८२३ सालीं वारला. आणि घड्याळ पुरें झालें १८२७ सालीं! ज्या राणीसाठीं तें सांगितलें, तिच्या दृष्टीसहि तें पडलें नाहीं. पुढें १९८३ सालीं जेरुसलेमच्या एका संग्रहालयांतून तें चोरीस गेलें आणि २००७ मध्यें पुन्हा सांपडलें. परिपूर्णतेचा हा इतिहास पाहिला म्हणजे, त्या घड्याळाला जें कांहीं ठाऊक नव्हतें तें एकच, आपल्या माणसाचा हात, असें वाटतें.

दुसरें घड्याळ अमेरिकन नट पॉल न्यूमन ह्याचें. तें रोलेक्सचें ‘डेटोना’ जातीचें, पोलादी, आणि त्याची ती विशिष्ट तबकडी त्या काळीं गिऱ्हाइकांस फारशी रुचत नसे. न्यूमनला शर्यतीच्या मोटारी हांकण्याचा नाद होता. म्हणून पत्नी जोन वुडवर्ड हिनें गाडी जपून चालव अशी विनवणी घड्याळाच्या पाठीवर कोरून तें त्यास दिलें होतें. तो तें रोज वापरी. १९८४ च्या उन्हाळ्यांत त्यानें आपल्या मुलीच्या मित्रास सहज विचारलें, किती वाजले? त्या मुलाजवळ चालू घड्याळ नव्हतें. तेव्हां न्यूमननें स्वतःचें काढून त्याच्या हातीं ठेवलें. पुढें २०१७ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्यास १ कोटि ७७ लक्ष डॉलरांवर किंमत आली. लोक त्या आंकड्यानें दिपून जातात. आम्हांस त्यापूर्वींचा एक क्षण अधिक मोलाचा वाटतो. त्या क्षणीं तें घड्याळ खरोखर रोजचें होतें. इतकें रोजचें कीं, तें देऊन टाकतांना देणाऱ्याचा हात अडखळला नाहीं. बाजारांत त्याचें जें मोल झालें तें मागाहून. आणि तेव्हांपासून तें कोणाच्या रोजच्या हातावर असणें कठीणच झालें.

आणि मौल्यवान् वस्तु रोज वापरण्याची ही विद्या शिकावयास आपणांस न्यूयॉर्कपर्यंत तरी कां जावें लागावें? आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांची पैठणी ट्रंकेंत असे आणि नथ डबींत. पण हातांतल्या पाटल्या मात्र अष्टौप्रहर हातांत असत. त्याच पाटल्यांनिशीं त्यांनीं कणीक मळली, भांडीं घांसलीं, विहिरीचें पाणी शेंदलें, तान्ह्याला न्हाऊं घातलें. पाटली झिजे, तिच्यावरची नक्षी गुळगुळीत होई. तिचा शोक कोणी केला नाहीं, किंबहुना न झिजलेली पाटली पाहून लोकांनीं निराळाच कांहीं तर्क केला असता. घरावर प्रसंग आला कीं तीच पाटली हातांतून उतरे व सावकाराकडे जाई. म्हणजे सोनें असूनहि ती अंगाची झाली होती, आणि अंगाची असूनहि तिच्यांत जीव गुंतला नव्हता. ह्या स्त्रियांपाशीं निवडीचें स्वातंत्र्य थोडेंच होतें, हें आम्ही विसरत नाहीं. पण वस्तूला वस्तूच्या जागीं ठेवण्याची जी हातोटी त्यांना सहज साधली होती, ती दोन वर्षें माहितीपत्रकें वाचून आम्हांस साधली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग सरळ साधें घड्याळ बांधा म्हणजे झालें! अपरिग्रहासारखा सोपा उपाय हाताशीं असतां एवढी चिकित्सा कशास? आम्हांस तो उपाय वाटतो तितका सोपा वाटत नाहीं. स्वस्त घड्याळ मिरविणारा अहंकारहि असतो, आणि तो कित्येकदां सोन्याच्या अहंकाराहून अधिक बोलका असतो. शिवाय अपरिग्रहाचे आपल्या काळांतील सर्वांत मोठे उपासक जे गांधीजी, त्यांच्या कमरेला खिशांतलें घड्याळ लटकलेलें असेच. तें झेनिथ नांवाचें, गजराचें, चांगल्यापैकीं स्विस घड्याळ होतें. १९४७ सालीं प्रवासांत तें चोरीस गेलें, आणि कांहीं महिन्यांनीं चोरानें स्वतः आणून परत दिलें. वस्तु चांगली होती, ती गेल्याची चुटपुट त्यांस लागली होती. परंतु तिच्यामुळें त्यांना कोणापासून हात लपवावा लागला नाहीं. त्यांच्या लेखीं मिनिट हें दुसऱ्याचें देणें होतें, आणि तें देणें चुकतें करण्याचें साधन म्हणून घड्याळ. तेव्हां प्रश्न वस्तूच्या किंमतीचा नाहीं. ती वस्तु आपल्यांत आणि समोरच्या माणसांत उभी राहते कीं नाहीं, हा आहे.

ह्यावरून आम्हीं आपल्यापुरता एक नियम बांधला आहे. ज्या घड्याळाकडे उघडपणें पाहून आपण कोणासहि वेळ सांगूं शकतों, तें आपलें रोजचें घड्याळ. त्याची किंमत प्रत्येकाच्या बाबतींत निराळी पडेल. एखाद्या श्रीमंताचा हात लाखांच्या घड्याळानेंहि अवघडणार नाहीं. एखाद्याचा कांहीं शेंच्या घड्याळानें अवघडेल. बाही जेथें आपोआप खालीं येते, तेथें आपली मर्यादा संपली असें समजावें. ही मर्यादा दुकानदार सांगूं शकत नाहीं, माहितीपत्रकांत ती छापलेली नसते, आणि घड्याळ घेण्यापूर्वीं ती पुरती कळतहि नाहीं. म्हणूनच परिपूर्ण घड्याळाचा शोध संपत नसावा. आपण तें तबकडींत, व्यासांत, कांचेंत शोधतों. आणि उणें असतें तें बहुधा बांधणाऱ्याच्या मनांत.

ह्या नियमावरहि एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस पूर्णपणें परतवितां येत नाहीं. ज्याची बाही कधींच खालीं येत नाहीं, तो निर्मळ मनाचाच असेल कशावरून? तो निगरगट्टहि असूं शकेल. भोंवतालचें दारिद्र्य ज्याच्या डोळ्यांस दिसतच नाहीं, त्याचा हात अवघडावा कशानें? हें खरें आहे. तेव्हां त्या संध्याकाळचा आमचा संकोच अगदींच टाकाऊ होता असें नव्हे. त्यांत शरमेचा एक खरा कण होता. चूक झाली ती शरम वाटली म्हणून नव्हे. शरम वाटल्यावर आम्हीं वस्तु झांकली आणि माणसाकडे पाठ केली, ही चूक.

तें घड्याळ आम्हीं विकलें नाहीं. न्यूमनसारखें काढून देण्याइतकें मनहि आमच्यापाशीं नाहीं, हें कबूल केलेलें बरें. तें आम्ही रोज बांधतों. दाराच्या कडीवर आपटून त्याच्या कडेला एक लांब ओरखडा उठला आहे, आणि दिवसाला तें पांच सेकंद पुढें जातें. बसथांब्यावर कोणी वेळ विचारली तर आतां आम्ही मोबाइल काढीत नाहीं. हात पुढें करून तबकडीवरूनच सांगतों, आणि विचारणाऱ्यास स्वतः पहावयाचें असेल तर पाहूं देतों. तरी देखील एखादे दिवशीं, समोरच्याच्या पायांतील तुटकी वहाण दिसली म्हणजे, उजवा हात नकळत बाहीकडे वळतो. अशा दिवशीं तें घड्याळ आम्हांस त्याच्या किंमतीहून महाग पडतें.